चेंडू डोळ्यांच्या वर गेला पाहिजे

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सोळा वर्षांचा, ऑफस्पिन टाकतो. उंच आहे, चष्मा लावतो, बोलतो कमी. यंदा संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, संघाच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही. क्लबातले सर म्हणतात, चेंडू उडवू नकोस, जोरात आणि सपाट टाक. शाळेत मात्र निबंध त्याचाच वाचून दाखवतात. शेजारच्या काकांनी सांगितलं की ऑस्ट्रेलियात ॲशली मॅलेट नावाचा असाच एक ऑफस्पिनर होता, पुढे लेखक आणि प्रशिक्षक झाला. ताई विचारतात, त्या माणसाकडून आमच्या मुलाने काय घ्यावं? आणि खेळात पुढे काही झालं नाही, तर लिहिण्या-शिकवण्यावर निभाव लागतो का?

ताई, काकांनी नाव अगदी नेमकं सांगितलं. मॅलेटही उंच होता, चष्मा लावून खेळायचा आणि इतका कमी बोलायचा की सोबत्यांनी त्याचं नाव 'राउडी' ठेवलं होतं, म्हणजे दंगेखोर. पण हे साम्य वरवरचं आहे. तुमच्या मुलाला उपयोग होईल तो मॅलेटच्या आयुष्यातल्या एका दिवसाचा. म्हणून त्या दिवसापासून सुरू करतो.

साल 1967. मॅलेट सिडनीत जन्मलेला, पर्थला वाढलेला, तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. पर्थच्या संघात इंग्लंडहून आलेला टोनी लॉक हा मोठा फिरकी गोलंदाज होता, त्यामुळे तरुण फिरकीवाल्याला तिथे जागा मिळणं अवघड. हा मुलगा आगगाडीत बसला आणि अडीच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून ॲडलेडला गेला, क्लॅरी ग्रिमेटना भेटायला. ग्रिमेट कोण, तर न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर, कसोटीत 200 बळी घेणारे जगातले पहिले गोलंदाज. 37 कसोटींत 216 बळी, आणि पहिली कसोटी खेळले तेव्हा वय तेहतीस. मॅलेट भेटला तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते.

पुढचं सगळं मॅलेटनेच अनेकदा सांगितलं आहे. म्हातारबुवांनी घरामागच्या खेळपट्टीवर बॅट हातात घेतली आणि म्हणाले, टाक. मॅलेटने टाकला. बॅटच्या मधोमध. ग्रिमेटनी सांगितलं, बाळा, गोलंदाजी सोड आणि फलंदाज हो, तुला तर मी डोळे बांधूनही खेळेन. मॅलेटच्या खिशात रुमाल होता. ग्रिमेटनी तो आपल्या चष्म्यावर लावला, आणि दुसरा चेंडूही बॅटच्या मधोमध लागला.

का लागला? कारण मॅलेटचा प्रत्येक चेंडू हवेतून एकाच वाटेने यायचा. वाट पाठ झाली की डोळ्यांची गरजच उरत नाही. त्या दिवशी ग्रिमेटनी त्याला समजावलं की चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर गेला पाहिजे आणि मग खाली आला पाहिजे. पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये, मॅलेट ऑस्ट्रेलियाच्या संघातून इंग्लंडला गेला आणि लंडनच्या ओव्हलवर पहिली कसोटी खेळला. त्याचा पहिला बळी होता कॉलिन काउड्री.

ताई, आता सरांच्या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगलाच असणार. सोळाव्या वर्षी सपाट चेंडूला मार कमी बसतो, आकडे बरे दिसतात. पण हा सल्ला मी मान्य करत नाही, आणि का ते नीट सांगतो.

फलंदाज चेंडूचा टप्पा ठरवतो तो चेंडू हातातून सुटल्यावर पहिल्या काही क्षणांतच. चेंडू त्याच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा खाली राहिला, तर टप्पा कुठे पडणार हे त्याला सहज कळतं. तो रेषेच्या वर गेला की नजर वर न्यावी लागते, आणि तिथे अंदाज डळमळतो. त्यात चेंडूला पुढच्या बाजूने फिरक असेल, म्हणजे तो फलंदाजाकडे गडगडत गेल्यासारखा फिरत असेल, तर हवा त्याला खाली दाबते. फलंदाजाला वाटतं चेंडू आपल्या पायाशी येतोय, तो पाय पुढे टाकतो, आणि चेंडू दीड-दोन फूट अलीकडेच पडतो. बॅट चेंडूपर्यंत पोचलेली नसते. मग शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाकडे, झेल जातो, पॅड आणि बॅटमधून त्रिफळा उडतो, नाहीतर यष्टिरक्षक यष्टीचित करतो. वळण त्यानंतर येतं. नुसतं वळण चांगले फलंदाज मनगटाने सांभाळतात. हा 'डिप', म्हणजे चेंडूचं असं अचानक खाली येणं, सांभाळणं फार कठीण.

म्हणून सीम, म्हणजे चेंडूची शिवण, कुठे ठेवायची हे महत्त्वाचं. पुष्कळ मुलं सीम पूर्ण आडवी फिरवतात, दाराची मूठ फिरवावी तशी. चेंडू वळतो भरपूर, पण हवेत मेलेला असतो. सीम फाइन लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायामागच्या बाजूच्या, दिशेने तिरकी ठेवली, साधारण 45 अंशांत, की थोडी फिरक पुढची मिळते आणि थोडी बाजूची. मग उजव्या फलंदाजासाठी चेंडू हवेत आधी बाहेर, स्लिपकडे सरकतो, मग खाली येतो, आणि टप्प्यानंतर आत वळतो. एका चेंडूत तीन गोष्टी. आणि हे सगळं तर्जनीने जोरात फिरवल्याशिवाय होत नाही. 'उंची दे' म्हटलं की मुलं चेंडू सैल सोडतात. तो नुसताच वर जातो आणि फलंदाज त्याला चिमनबाग मैदानाच्या बाहेर पोचवतो. सर ज्याला घाबरतात तो हाच चेंडू, आणि त्यांची भीती खरी आहे. उंची आणि फिरक बरोबर आली पाहिजेत, एकटी उंची म्हणजे भेट दिलेला षटकार.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. मी स्वतः ऑफस्पिनर. विद्यापीठाकडून खेळलो, संभागाकडून खेळलो. एकोणीस वर्षांचा असताना एका जाणत्या माणसाने मला हेच सांगितलं होतं, उडवू नकोस. मी दोन मोसम सपाट टाकलं. धावा कमी गेल्या, कौतुकही झालं. तिसऱ्या मोसमात चांगल्या फलंदाजांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे त्यांना बाद करायला काहीच नव्हतं, आणि जुनी उंची परत आणायला गेलो तर हाताला ती आठवेना. खांदा खाली आला होता, पुढचा पाय वाकायला लागला होता. ग्रिमेट आणि रुमालाची गोष्ट मी वाचली ती एकतिसाव्या वर्षी. वाचून झाल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. जे मला शरीरातून हरवल्यासारखं वाटत होतं, त्याला नाव होतं, कारण होतं, आणि ते चार ओळींत सांगता येत होतं. ते मला एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं, एवढंच मनात येत राहिलं. त्यानंतर मी शिकवायला लागलो. लिहायलाही त्यानंतरच लागलो.

आपल्या इंदूरला हे नवीन नाही, ताई. इंदूर संस्थानाचा होळकर संघ 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असा चार वेळा रणजी जिंकला, तो कर्नल सी. के. नायडूंच्या षटकारांवर जितका, तितकाच फिरकीवर. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू लेगस्पिनर. 1944-45 च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी एकट्याने 917 चेंडू टाकले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू आजवर दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. होळकर तो सामना हरले, इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने त्यांच्याकडून नाबाद 249 करूनही हरले, पण 917 चेंडू टाकणारी बोटं काय असतील याचा विचार मी अजूनही करतो. मुश्ताक अलींना आपण सलामीचे फलंदाज म्हणून ओळखतो, पण भारताच्या संघात ते आले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. हिरालाल गायकवाडही डावखुरे फिरकीवाले, 1952 मध्ये लखनौला पाकिस्तानविरुद्ध कसोटी खेळले.

आणि नरेंद्र हिरवाणी. गोरखपूरचा मुलगा क्रिकेट शिकायला इंदूरला आला, संजय जगदाळेंच्या हाताखाली घडला, आणि जानेवारी 1988 मध्ये मद्रासला पदार्पणाच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे 16 बळी घेतले, 136 धावांत. त्या सामन्यात बडोद्याच्या किरण मोरेने सहा यष्टीचित केले. हा आकडा तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा. रिचर्ड्सच्या वेस्ट इंडीजचे फलंदाज पुन्हा पुन्हा क्रीजबाहेर येऊन चुकत होते, कारण चेंडू त्यांना वाटला तिथे पोचत नव्हता. सपाट चेंडूवर सहा यष्टीचित होत नाहीत. पुढे हिरवाणीही प्रशिक्षक झाला.

मॅलेटकडे परत येतो. 1969-70 मध्ये तो ऑस्ट्रेलियाबरोबर भारतात आला. समोर प्रसन्ना आणि बेदी, त्यांच्याच खेळपट्ट्या, त्यांचेच प्रेक्षक. त्या मालिकेत प्रसन्नाने 26 बळी घेतले, मॅलेटने 28. मद्रासला दोन्ही डावांत पाच-पाच. ऑस्ट्रेलियाने मालिका 3-1 ने जिंकली, आणि त्यानंतर त्यांना भारतात मालिका जिंकायला 2004 साल उजाडलं. 1972 च्या डिसेंबरात ॲडलेडला पाकिस्तानविरुद्ध एका डावात 59 धावांत 8 बळी. 1974-75 ची इंग्लंडविरुद्धची मालिका सगळे लिली आणि थॉमसनच्या वेगासाठी आठवतात, त्यातही मॅलेटचे 17 बळी आहेत, आणि त्या दोघांच्या गोलंदाजीवर गली या क्षेत्ररक्षणाच्या जागी घेतलेले झेल वेगळेच. एकूण 38 कसोटी, 132 बळी. शेवटची कसोटी 1980 ची, लॉर्ड्सवर.

हे सगळं चालू असताना तो पत्रकारिता करत होता. त्या काळात ऑस्ट्रेलियात कसोटी खेळून घर चालत नसे, म्हणून प्रत्येकाला काहीतरी नोकरी असेच, त्याची लेखणीची होती. निवृत्त झाल्यावर ज्यांना चार आठवणी कोणाकडून तरी लिहून घ्याव्या लागतात, त्यांच्यातला तो नव्हता. त्याने ग्रिमेटचं चरित्र लिहिलं, व्हिक्टर ट्रंपर या जुन्या काळच्या फलंदाजाचं लिहिलं, सोबती डग वॉल्टर्स आणि थॉमसनवर लिहिलं. 1868 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंचा एक संघ इंग्लंडला गेला होता, 47 सामने खेळला, 14 जिंकला, 14 हरला आणि 19 अनिर्णित राहिले. त्यांच्यावरही त्याने पुस्तक लिहिलं. मला त्यात त्याचा स्वभाव दिसतो. ग्रिमेटनी 1935-36 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पाच कसोटींत 44 बळी घेतले, आणि त्यानंतर त्यांना पुन्हा कधी कसोटी संघात घेतलं नाही. ज्या माणसाला इतक्या सहजपणे बाजूला केलं, त्याच्याकडे मॅलेट दोन-अडीच दिवसांचा प्रवास करून गेला, त्याच्याकडून शिकला, आणि तो गेल्यावर त्याचं आयुष्य नीट लिहून काढलं. गुरूचं ऋण फेडण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

मग त्याने फिरकी शिकवायला घेतलं, ऑस्ट्रेलियात आणि पुढे श्रीलंकेतही. मॅलेटच्याच सुमारास पर्थहून ॲडलेडला आलेला त्याचा मित्र टेरी जेनर हाही फिरकीवाला, आणि तो पुढे शेन वॉर्नचा प्रशिक्षक झाला. मॅलेट 29 ऑक्टोबर 2021 ला ॲडलेडला वारला, 76 वर्षांचा होऊन. सोळा महिन्यांनी, मार्च 2023 मध्ये, आपल्या होळकर स्टेडियमवर नेथन लायनने भारताचा दुसरा डाव 64 धावांत 8 बळी घेऊन गुंडाळला. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर, ॲडलेडच्या मैदानावर खेळपट्टी सांभाळण्याची नोकरी करता करता पुढे आलेला. खेळपट्टीवर फार टीका झाली, ती रास्तही होती. पण चेंडू सगळ्यांचाच वळत होता. चेतेश्वर पुजारा 59 वर चांगला जमला असताना लेग स्लिपला झेल देऊन बाद झाला, तो चेंडू मुलाला घेऊन पुन्हा बघा. टप्प्याच्या आधी काय झालं ते बघा.

आता तुमच्या मुलाने काय करावं. माझ्या सरावाच्या नेटमध्ये मी एक सुती दोरी बांधतो. गोलंदाजाच्या क्रीजपासून सहा पावलांवर, जमिनीपासून साधारण सात फुटांवर. चेंडू दोरीच्या वरून जायचा आणि तरीही गुड लेंथवर, म्हणजे पुढे यावं की मागे जावं हे फलंदाजाला कळू नये अशा टप्प्यावर, पडायचा. पहिले आठ दिवस चेंडू एकतर दोरीला लागतात, नाहीतर फुल टॉस, म्हणजे टप्पा न पडताच, जातात. मुलं रडकुंडीला येतात. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांना कळतं की दोरीवरून नेऊन टप्पा आत ठेवायचा एकच मार्ग आहे, जोरात फिरवणं. मग मला काही सांगावं लागत नाही. फलंदाज समोर ठेवू नका, एक महिनाभर तरी. आणि पुढचा पाय ताठ ठेवून त्याच्यावर चढायचं, त्याच्या मागे बसायचं नाही. उंच मुलांची हीच चूक असते, ती वाकतात, आणि देवाने दिलेली उंची स्वतःच कमी करून घेतात.

दुसरी गोष्ट वही. रोज सरावानंतर तीन चेंडूंबद्दल लिहायचं, तीनच. किती बळी, किती धावा हे लिहायचं नाही. फलंदाजाचा पुढचा पाय कुठे पडला, डोकं कुठे होतं, चेंडू सुटताना बोटाला काय वाटलं, एवढंच. माझ्याकडे एक मुलगा होता, मराठी-हिंदी मिसळून लिहायचा. एकदा त्याने लिहिलं होतं, 'आज बॅट्समनने पाय टाकला आणि मग बॅट थांबवली. त्याला वाटलं होतं चेंडू आला, पण चेंडू अजून यायचा होता.' मी ते वाक्य सगळ्या नेटला वाचून दाखवलं. चौदा वर्षांच्या मुलाने डिप म्हणजे काय हे स्वतःच्या डोळ्यांनी पकडलं होतं. त्या दिवसापासून तो चेंडू त्याच्या हाताला हवा तेव्हा यायला लागला. ज्याला शब्द सापडला, त्याला तो पुन्हा करता येतो, असा माझा अनुभव आहे, आणि तो एकदा नाही, पुष्कळ मुलांबाबत आला आहे. तुमचा मुलगा निबंध चांगले लिहितो हे तुम्ही प्रश्नात सहज म्हणून सांगितलंत. मला तीच सगळ्यांत महत्त्वाची ओळ वाटली. खेळ वेगळा आणि लिहिणं वेगळं असं त्याला सांगू नका.

निभावाचं विचारलंत, तर स्पष्ट सांगतो. क्रिकेटवर मराठीत लिहून घर चालत नाही. शिकवून चालतं, पण सुरुवातीची सात-आठ वर्षं फार ओढाताणीची जातात. म्हणून पदवी पूर्ण झालीच पाहिजे, यात तडजोड नको. आपल्याच शहरातले चंदू सरवटे बघा. भारतासाठी कसोटी खेळले, फिरकी टाकली, 1946 मध्ये ओव्हलवर सरे या इंग्लिश कौंटी संघाविरुद्ध शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीसाठी 249 धावा जोडल्या, दोघांचीही शतकं. ते कायद्याचे पदवीधर होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. पुढे राष्ट्रीय निवड समितीवरही होते. खेळ, शिक्षण आणि पोटाचा उद्योग तिन्ही त्यांनी एकाच आयुष्यात नीट सांभाळले. मुलाला प्रशिक्षणाची आवड लागली, तर पटियाळाचा क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे, क्रिकेट मंडळाच्या प्रशिक्षकांच्या परीक्षा आहेत, पंचांच्या परीक्षा आहेत. ते सगळं विशीनंतर. आत्ता नाही.

संभागात नाव आलं नाही याचं त्याला वाईट वाटलं असेल. वाटू द्या, लगेच समजूत काढू नका. फक्त त्याला सांगा की 2022 च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या मोसमात संघाकडून सर्वाधिक बळी घेतले ते कुमार कार्तिकेयने, 32. तोही फिरकीवालाच, आणि त्यालाही वाट सरळ मिळाली नव्हती.

रविवारी सकाळी सात वाजता त्याला घेऊन या, ताई. नवा चेंडू आणू नका, शिवण थोडी उसवलेला जुना चालेल, उलट तोच बरा. चष्म्याला मागे बांधायची पट्टी लावून आणा. आणि एक कोरी वही. दोरी मी बांधून ठेवतो.